शिवीबंदीचा हिवाळा

आमच्या आबांना शिवीशिवाय वाक्य सुरू करता येत नाही. ही तक्रार नव्हे, नुसती माहिती. कोल्हापुरात बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये ज्या माणसानं उभा जन्म गाड्यांखाली आडवं पडून काढला, त्याच्या तोंडी दुसरं काय येणार? पण कोल्हापूरबाहेरच्यांना एक गोष्ट समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आलेत. तिथं शिवी रागाची असतेच असं नाही. आबांना खरा राग आला की ते उलट मऊ होत. डेपो मॅनेजर त्यांना डोळ्यांसमोर नको असायचा, म्हणून त्याला 'या साहेब, बसा साहेब' व्हायचं. मी इंजिनियर झालो त्या दिवशी मात्र मला जी शिवी बसली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली, आणि लोक पेढे खायला बाहेर आले.

आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. मी एकुलता एक, आणि तोही दुबईत. आबा कोल्हापूरच्या त्या दोन खोल्यांत एकटे स्वयंपाक करतात, एकटे जेवतात, रात्री पाय घसरून पडले तर कुणाला कळणारही नाही, या विचारानं माझी झोप उडायची. तेव्हा मी ठरवून टाकलं की आबांनी आता कायमचं आमच्याकडेच राहायचं. मी, बायको आणि शाळकरी मुलगी असं आमचं तिघांचं डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतलं घर काही महाल नाही, पण एक खोली मोकळी होती आणि खाली बाग होती. आबांना फोनवर विचारलं तर ते 'बघू' म्हणाले. मी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला. सध्या व्हिजिट व्हिसा काढू, मग पुढचं बघता येईल, असा माझा बेत होता. आबा त्याला सहल समजत होते.

विमानतळावर ते बाहेर आले, मला बघितलं आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "आरं सुक्काळीच्या, पोट केवढं सुटलंय तुझं!"

जवळच एक पोलीस उभा होता. त्याला मराठी येत नसणार, पण सूर कळायला भाषा लागत नाही. त्यानं मान वळवून बघितलं. आबांना घाईघाईनं गाडीत कोंबलं आणि गाडी शेख झायेद रोडच्या हायवेला लावली. मग सांगितलं, की इथं शिवी देणं गुन्हा आहे. रस्त्यावर दिली काय, फोनवर कुणाला लिहून पाठवली काय, समोरच्यानं तक्रार केली की केस होते, दंड होतो, देशाबाहेरसुद्धा काढतात. इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढचं मी पदरचं घातलं.

"आणि घरातल्या एकानं दिली ना आबा, तर सगळ्यांचा व्हिसा कॅन्सल."

आबा बाहेरचे उंच टॉवर बघत होते. मग हळूच विचारलं, "पोरीची शाळाबी?"

"शाळापण."

त्या क्षणापासून आबांनी शिवी सोडली. तंबाखू सोडताना डॉक्टरांनी हात जोडले होते, आईनं उपास केले होते. शिवी एका वाक्यात सुटली.

सुरुवातीचे दिवस घरात विलक्षण शांतता होती. आबा 'काय रं' म्हणायचे आणि थांबायचे. पुढची जागा रिकामी राहायची, मग वाक्याचा उरलेला भाग कसाबसा बाहेर यायचा. काही दिवसांनी ते 'काय रं' पण गेलं. त्याच्या जागी "बाळ, जरा पाणी देतोस का?" आणि पाणी दिल्यावर "थँक्यू." माझी बायको पुण्याची. तिच्या माहेरी कुणी फार संतापलं तर समोरच्याला चहा विचारत नाहीत, यापलीकडे मजल जात नाही. लग्नानंतर पहिल्यांदा कोल्हापूरला आली तेव्हा ती रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती, की तुमच्या घरात कायम भांडण का चालू असतं? ती आता म्हणाली, "किती शांत झालेत ना आबा! इथली हवा मानवली त्यांना." आमची मुलगी म्हणाली, "ही इज सो स्वीट नाऊ." मलाही बरंच वाटलं. दुबईनं भल्याभल्यांना सिग्नलला थांबायला शिकवलंय, तिथं आबा काय, असं मी ऑफिसात सांगत सुटलो.

फक्त त्यांचा वेळ जात नव्हता. म्हणून करामाच्या बाजारात जाऊन एक कॅरम घेऊन आलो. बिल्डिंगच्या मागच्या बागेत बाकांमध्ये एक दगडी टेबल होतं, त्यावर तो बरोबर बसला. पहिल्या संध्याकाळी आबा एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत होते. दुसऱ्या संध्याकाळी समोर एक गडी येऊन बसला.

हा गडी म्हणजे तळमजल्यावरचा अमेरिकन म्हातारा. वय आबांच्याच आसपास, उंची आबांच्या दीडपट, पँटला पट्ट्याऐवजी खांद्यावरून घेतलेले इलॅस्टिकचे पट्टे. मुलगा इथल्या एका शाळेत शिकवायचा. त्यांच्या गावी हिवाळ्यात दारापर्यंत बर्फ चढतो, म्हणून मुलानं त्याला इकडे बोलावून घेतलं होतं. दर रविवारी चर्चला जाणारा माणूस. लहानपणी एकदा तोंडातून वाईट शब्द गेला तर त्याच्या आईनं साबणाची वडी आणून जीभ घासली होती, असं त्यानं मला पहिल्याच भेटीत अभिमानानं सांगितलं. आबा त्याला 'पाव्हणं' म्हणायचे. तो आबांना 'पार्टनर' म्हणायचा. आबांचं इंग्रजी वर्कशॉपचं: टाइट, लूज, ब्रेक फेल, ओके. एवढ्यावर त्यांची गाडी सुरळीत चालली होती.

पहिल्याच डावात पाव्हण्याचा स्ट्रायकर राणीला सोडून स्वतःच भोकात गेला. पाव्हण्यानं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "डॅगनॅबिट!"

रात्री जेवताना आबांचा चेहरा उजळलेला होता. कितीतरी दिवसांत असा दिसला नव्हता. "ती शिवी हाय," ते म्हणाले. "शब्द म्हाईत न्हाई, पर शिवी हाय."

मी समजावलं, की शिवी नाही, शिवीच्या जागी ठेवलेला शब्द आहे. जुन्या अमेरिकन लोकांना देवाचं नाव घेऊन शाप द्यायचं पाप वाटे, पण राग तर यायचाच. मग त्यांनी त्या शब्दांचे हातपाय मोडून ते असे निरुपद्रवी करून ठेवले. गॉश, डार्न, हेक, शक्स. आता त्यांच्याकडेही हे शब्द असल्या म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलेत. मी हे दहा मिनिटं सांगत होतो. आबांनी एका घासात संपवलं.

"म्हंजे आपलं आयला-च्यायला."

"हो. तेच."

"ह्याला पोलीस धरतात?"

"नाही धरत."

"मग शिकीव."

मी एका कंपनीत खरेदी बघतो. दिवसभर माझं काम म्हणजे सप्लायरला फोन करून 'हबीबी, माल कुठंय' विचारणं आणि 'टुमॉरो, इन्शाल्ला' ऐकणं. संध्याकाळी घरी येऊन मी जन्मदात्या बापाला शिव्या शिकवायला लागलो. अमेरिकन असल्या तरी शिव्याच. आबा विद्यार्थी म्हणून तल्लख निघाले. प्रत्येक शब्दाचं वजन किती, हे त्यांना आधी हवं असायचं. दुसऱ्या दिवशी पाव्हण्याच्या तोंडून तो शब्द कधी निघतो हे बघून ते स्वतः निर्णय द्यायचे. शेवटी त्यांनी सगळा हिशेब वर्कशॉपच्या भाषेत बसवला. शक्स म्हणजे नट सैल. डार्न म्हणजे पंक्चर. डॅगनॅबिट म्हणजे इंजिन जाम.

'सन ऑफ अ गन' वर ते फिदा होते. बंदुकीच्या पोरा, असा अर्थ सांगितल्यावर ते टेबलावर हात आपटून हसले. "आमच्यात फुकणीच्या म्हणतात की! आमची फुकणी, त्यांची बंदूक. दोन्ही नळ्याच!" चुलीत फुंकर घालायची फुकणी पाव्हण्याला समजावून सांगताना मला घाम फुटला, पण त्यालाही ते पटलं. 'होली काउ' मात्र आबांनी साफ नाकारलं. "गाईला पवित्र म्हणायचं आन् वर शिवीत घालायचं? पाव्हणा चर्चला जातो, आन् हे?" त्यांच्याकडे गाय पवित्र नसते असं मी सांगितलं. "मग म्हणतो कशाला?"

मग हे शब्द सगळीकडे सुटले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली की "शक्स." सुपरमार्केटात शेवग्याच्या तीन शेंगांना नऊ दिरहॅम, म्हणजे दोनशेच्या वर रुपये, असं मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा आबांनी शेंगा परत ठेवून "डॅगनॅबिट!" असा आवाज टाकला की काउंटरवरची फिलिपिनो मुलगी हसून हसून वाकली. आमच्या मुलीला मैत्रिणींसमोर तोंड दाखवायला जागा उरली नाही. "नोबडी सेज दॅट, आजोबा! लिटरली नोबडी!" ती किंचाळली. ती स्वतः मैत्रिणींशी फोनवर काय बोलते ते मी एकदा दाराआडून ऐकलं होतं, आणि तिच्यासाठी साबणाची वडी आणायचा विचार माझ्या मनात येऊन गेला होता. पण ते इंग्रजीत होतं, त्यामुळे बायकोच्या लेखी ते शिक्षण होतं.

मला मात्र आबांनी यातला एकही शब्द दिला नाही. लिफ्टला दिला, शेवग्याला दिला. मला "बाळ, ऑफिस कसं होतं?" आणि "थँक्यू." मी सुखावलो होतो. मला वाटलं, आबा रुळले. बायकोनं त्यांच्या खोलीला निळे पडदे शिवून घेतले. पुढच्या व्हिसाची चौकशी मी सुरू केली. आणि कोल्हापूरचं घर बंद राहून खराब होण्यापेक्षा एखादं बरं कुटुंब भाड्यानं ठेवावं, म्हणून तिथल्या चुलतभावाला बघायला सांगितलं. आबांना योग्य वेळी सांगूच, असं मनाशी म्हटलं. योग्य वेळ लगेच यावी अशी काही घाई मला नव्हती.

फेब्रुवारीतला शनिवार होता. इथं ते दिवस फार छान असतात. मी चहाचा थर्मास घेऊन खाली गेलो, तर डाव मांडलेला होता पण कुणी खेळत नव्हतं. पाव्हणा स्ट्रायकर बोटात फिरवत होता. मला बघून म्हणाला, "माझ्या मुलानं गावचं घर विकलं." शांतपणे, हवा छान आहे म्हणावं तसं. मुलानं फोनवरूनच सगळं उरकलं होतं. पाव्हण्यानं आता परत जायचं नाही, इथंच मुलाजवळ राहायचं, असं मुलानंच ठरवलं होतं. चांगल्यासाठीच केलंय त्यानं, असंही त्यानं जोडलं.

मी आबांना मराठीत सांगितलं. आबांनी हातातली सोंगटी खाली ठेवली. पाव्हण्याच्या घरामागं एक शेड होती, तिथं तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, हे त्यांना माहीत होतं. पान्यांचे आकडे दोघं बोटांवर मोजून एकमेकांना सांगायचे.

"हत्यारं?" आबांनी विचारलं.

मी विचारलं. पाव्हण्यानं मान हलवली. हत्यारंसुद्धा. घर घेणाऱ्यानं सगळं उचलून घेतलं होतं.

"वेल, शक्स," तो म्हणाला, आणि स्ट्रायकर मारला. एकही सोंगटी हलली नाही.

आबा वाट बघत राहिले. मला कळलं ते कशाची वाट बघतायत. हा नट सैल झाल्याचा शब्द होता. पाव्हण्यानं नुसता स्ट्रायकर परत ओढून घेतला.

"त्याला म्हण, मोठा काढ," आबा म्हणाले. "हे शक्सचं काम न्हाई."

मी चाचरत भाषांतर केलं. पाव्हणा जरा हसला. म्हणाला, "डॅगनॅबिट कॅरमसाठी ठीक आहे, पार्टनर. याला पुरेल एवढा शब्द माझ्याकडे कधी नव्हताच."

हेही मी आबांना मराठीत सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, टेबलावर हात टेकले आणि उठले. मग त्या म्हाताऱ्याच्या वतीनं, त्याच्या मुलाला, घर घेणाऱ्याला आणि त्या हत्यारांना हात लावणाऱ्या प्रत्येक हाताला, त्यांनी जे काय दिलं ते मी इथं लिहू शकत नाही. ते कुठल्याच भाषेत हातपाय मोडून ठेवण्यासारखं नव्हतं. माझं चाळीस वर्षांचं कोल्हापुरी शिक्षण त्यापुढं बालवाडीचं होतं. तीन मजल्यांच्या बाल्कन्यांत माणसं आली. वॉचमन धावत आला आणि लांबच उभा राहिला. मी 'आबा, आबा' करत त्यांची बाही ओढत होतो. पाव्हणा मान खाली घालून, दोन्ही हात जुळवून ऐकत होता. चर्चमध्ये तो असाच बसत असणार.

आबा दम लागून थांबले. पाव्हणा म्हणाला, "थँक यू."

आबा बसले. मी वॉचमनला हातानंच सगळं ठीक असल्याची खूण केली. तो गेला. मी थर्मासमधून चहा ओतायला लागलो, तेवढ्यात आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाडेकरू मिळाला का रं?"

मी थर्मास खाली ठेवला. चुलतभावानं फोन करून आबांनाच विचारलं होतं, किती भाडं सांगू म्हणून. तेही कितीतरी दिवसांपूर्वी.

"आबा, मी सांगणारच होतो तुम्हाला..."

"गप!" आणि मग मला बसली. एक नाही, मोजता येणार नाहीत इतक्या. पाव्हण्याच्या पोराला मिळालेल्या त्याच, पण आवाज वेगळा होता. "इतकं दिवस जुळवतोय मी, ह्याला शिवी न देता कसं सांगायचं. शिवी दिली तर पोरीची शाळा जाती. मग पाव्हण्याचं शब्द लावून बघितलं. शक्स, माझं घर कुणाला देऊ नगंस. डार्न, मला हितं ऱ्हायाचं न्हाई. कुणी ऐकल का असलं? मलाच खरं वाटंना!"

मी विचारलं, आम्ही काय कमी केलं? रागानंच विचारलं. माझीही चूक काय होती? एकटा म्हातारा माणूस, रात्रीअपरात्री काही झालं तर?

"कमी कायबी न्हाई," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "तुझी आई गेली त्या खोलीत मी रोज तिला शिव्या घालतो. सकाळी च्या कडू झाला की घालतो. मीठ सापडंना झालं की घालतो. ती हसती, असं वाटतं मला. हितं निळं पडदं हायत. पडद्याला शिव्या घालू का मी?"

वर्षभरात त्यांनी आईचा शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, विसरायला लागलेत, बरंच आहे. मी त्या बाकावर बसून, वरच्या बाल्कन्यांतून माणसं बघत असताना, रडलो. आबांनी माझ्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला.

पाव्हण्यानं विचारलं, काय म्हणतात पार्टनर? मी म्हणालो, त्यांना घरी जायचंय. त्यानं आबांकडे एकदा बघितलं. मग त्यानं सोंगट्या गोळा करून मधोमध पुन्हा रचायला घेतल्या, आणि मला म्हणाला, जमलं तर तिकीट आत्ताच काढ, उशीर केला की मुलगे विचार बदलतात.

आबा एकटे राहणार हे मला आजही पटलेलं नाही. तिकीट मी त्याच बाकावर बसून काढलं, फक्त जाण्याचं.